वेळशेतची मुकी होळी

ती होडी बघितलीत ना किनाऱ्याला? पूल झाल्यापासून तिच्यात कुणी बसत नाही. पण तिच्याशिवाय आमच्या वेळशेतात होळीची बोंब उठत नाही. हसू नका. मोबाईल खिशात ठेवा आणि ऐका.

फार जुनी गोष्ट. धाकू खारवी तेव्हा इथं तर चालवायचा, होडीतून माणसं खाडीपार न्यायचा, असं सांगतात. होळीसाठी लाकडं चोरायची रीत तेव्हाही होती. कुणाचं कुंपण, कुणाची बाज. ज्याचं जाईल त्यानं हसून सोडायचं. रागावला तर त्याच्याच नावानं शिमगा. त्या वर्षी गड्यांनी धाकूची वल्ही उचलली.

धाकू मागोमाग धावत आला म्हणे. त्याची लेक गोदी दुसऱ्या दिवशी बाळंतपणाला माहेरी यायची होती. सासर खाडीपलीकडे, आणि सुईण काय ती आमच्याच गावात.

"वल्ही तेवढी नका रे जाळू," तो म्हणाला.

मानकऱ्यांनी समजूत घातली. होळीवर चढवलेलं लाकूड परत घेऊ नये, सकाळपर्यंत सुताराकडून नवी वल्ही करून देऊ. सणाच्या दिवशी गावाशी वाकडं कशाला घ्या, म्हणून धाकूही हसला.

होळी पेटली, बोंबा सुरू झाल्या. तेवढ्यात पलीकडून ओरडणं ऐकू आलं. पलीकडचं गाव दरवर्षी अशीच बोंब ठोकून आम्हाला डिवचायचं. मग काय, आमचे चेकाळलेच. तिकडून एक ओरडा आला की इकडून दहा. शेवटी तिकडचा आवाज बसला, तेव्हा जिंकलो म्हणून गाव नाचलं. नाचलं हो, मेलं!

सकाळी रंग खेळताना कुणाला तरी पलीकडे माणूस बसलेला दिसला. रात्रीची भरती ओसरून ओहोटी लागली होती, चिखल तुडवत सगळे गेले. तो धाकूचा जावई होता. कळा लवकर सुरू झाल्या म्हणून तो गोदीला आदल्या दिवशीच घेऊन निघाला होता. पलीकडच्या धक्क्यावर येऊन दोघांनी होडीसाठी हाका मारल्या होत्या. गोदी त्याच्या मांडीवर होती, पोटातल्या बाळासकट गेलेली. रंगानं माखलेल्या हातांनी तिला उचलायची कुणाची छाती होईना.

आता धाकू शाप देणार, म्हणून गाव माना खाली घालून उभं राहिलं. दिला असता तर बरं झालं असतं, असं जुनी माणसं म्हणायची.

"तुम्हाला काय बोलू?" धाकू म्हणाला. "सगळ्यांत मोठी बोंब माझी होती."

आजही होळी पेटली की गाव खाडीकडे तोंड करून गप्प उभं राहतं. रडतं पोरही आई पदराखाली घेते. मानकरी स्वतः होडी वल्हवत पलीकडे जातो, हाक घालतो, कानोसा घेतो. बैल गेला आणि झोपा केला, असं लोक आम्हाला हिणवतात. खरंच आहे ते. परत येऊन मानकरी सांगतो, "पलीकडे कुणी नाही." मग गाव बोंब मारतं.

खारव्यांच्या घरातलं मात्र आजही कुणी तोंडाला हात लावत नाही.