कावळ्याचा शोधनिबंध

झाडांनाही शाळेत जावं लागायचं, तेव्हाची ही गोष्ट. तळ्याकाठच्या शाळेला गुरुजी हवे होते. ज्याचा शोधनिबंध सर्वांत चांगला, त्याला ती जागा मिळणार होती.

बेडकीण मावशी आपल्या पिल्लांना काहीतरी समजावत होती, ते कावळ्यानं ऐकलं आणि पाठ करून टाकलं. सभेत मान उंचावून तो म्हणाला, "तळं आटलं की मी चिखलात खोल शिरतो, डोळे मिटतो आणि पाऊस येईपर्यंत कातडीनं श्वास घेतो."

परीक्षक कासवानं विचारलं, "हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं कुणी? माझाच शोध आहे!"

"वा! मग दाखवा करून."

सगळी सभा चिखलाकडे सरकली. जागा हातची जाईल म्हणून कावळ्यानं आधी चोच खुपसली, मग डोकं. क्षणात तो शिंकत, फडफडत बाहेर आला आणि ओरडला, "कातडीनं नाही येत हो श्वास!"

बेडकीण मावशी म्हणाली, "अरे मेल्या, माझं नाव घेतलं असतंस, तर तुझ्याऐवजी मीच शिरले नसते का?"