छपराखालची राणी

एका राज्यात, जिथे अक्षरेसुद्धा चित्रांसारखी काढत, एक राजा राज्य करी. त्याच्या राणीचे नाव कावाने; ती मोठी गाणारी. सकाळी समुद्रावर जाई, गात गात परत येई. राजाला ते खपेना. बाई घरात बसली की राज्यात शांती, असे त्याच्या डोक्यात पक्के बसलेले. ‘शांती’ हे अक्षरही तिथे तसेच काढत: वर छप्पर, खाली स्त्री.

राजाने मांत्रिकाला बोलावले. म्हणाला, “राज्यात कायमची शांती नांदू दे.”

“तथास्तु,” मांत्रिक म्हणाला, आणि भिंतीवर त्याने ते अक्षर काढले. शेवटची रेघ ओढताच राणी त्यात जाऊन बसली. शांती झाली खरी! लाटा आवाज न करता फुटू लागल्या. कोंबडे चोच उघडून नुसते उभे राहत. माणसे कुजबुजत जगू लागली.

राजकन्या मिनाओ रोज त्या भिंतीला गाल लावून बसे. शाई वाळत चालली होती. पुरती वाळली की आई नुसती शाईच उरणार होती.

एक दिवस खिडकीत म्हातारा करकोचा उतरला.

“राजकन्ये, तीन वस्तू आण. ढगातल्या तळ्याचे पाणी, मांत्रिकाच्या चुलीतली काजळी, आणि आयुष्यात एकदाच कापतात त्या केसांचा कुंचला.”

करकोच्याच्या पाठीवर बसून तिने ओंजळीत पाणी आणले. चुलीने काजळीच्या बदल्यात तिची सावली मागितली. तिने ती काढून दिली. केसांपाशी मात्र ती अडली. मग तिला आठवले: त्या राज्यात बाळाच्या जावळाचा कुंचला करून ठेवत. तिचा कुंचला आईच्या फणीच्या डबीत होता! तो हाती घेताना तिला रडू फुटले.

“तेच अक्षर गिरव,” करकोचा म्हणाला. “पण कुंचला उचलू नकोस. उचललास तर शाईचा दगड होईल.”

तिने काजळी पाण्यात कालवली आणि कुंचला भिंतीवर टेकवला. राजा तिला अडवायला हात पुढे करून धावत आला.

“थांब! छप्पर मोडेल.”

“तात, त्या छपराखाली माझी आई आहे.”

राजाचा हात खाली आला.

न उचलता फिरणाऱ्या कुंचल्याला कोपरे कुठले जमायला? छप्पर वितळून एक आडवी रेघ झाली. खालची स्त्री उठली, तिने गोल गिरकी घेतली, आणि राणी भिंतीबाहेर आली.

“आ...” तिने मोकळा श्वास सोडला. त्यासरशी लाटा गर्जल्या, कोंबडे आरवले. मांत्रिकाची चूल विझली, सावली मिनाओच्या पायाशी परत आली.

भिंतीवर गोलसर नवे अक्षर उरले. त्याला कोणी ‘शांती’ म्हणेना. राणीचा तो श्वासच त्याचा उच्चार झाला. बायकांनी इतर अक्षरेही अशीच सैल केली, त्यांत गाणी लिहिली, माहेरी पत्रे धाडली. पोरांना मात्र सर्वांत आधी हेच अक्षर शिकवू लागले.

राजाही शिकायला बसला. अजून त्याचा हात छप्पर काढायला जाई, की मिनाओ हळूच तो धरी. राणी तेव्हा समुद्रावर असे, आणि तिचे गाणे महालापर्यंत ऐकू येई.