शास्त्रीबुवांचे दोन न्यूट

कुंभेरी संस्थानाच्या महाराजांना कुणीतरी विलायतेहून एक काचेची पेटी पाठवली. आत दोन ओलेगार, शेपटीवाले प्राणी होते, पालीसारखे दिसणारे. राजपंडित गुंडोशास्त्री ऐटीत म्हणाले, "यांना ओळखणारा राज्यात मी एकटाच!"

दरबारात आलेल्या, मुलींच्या शाळेच्या शिक्षिका सगुणाबाईंना हसू फुटलं. शास्त्रीबुवा भडकले. "हसता काय? यातला न्यूट कोणता, सॅलमँडर कोणता, सांगा! चुकलात तर शाळेला कुलूप!"

महाराजांनाही गंमत वाटली. त्यांनी मान डोलावली.

बाईंनी नम्रपणे विचारलं, "पण दोघांत फरक काय, शास्त्रीबुवा?"

"एवढंही ठाऊक नाही? प्रत्येक न्यूट हा सॅलमँडर असतोच, पण प्रत्येक सॅलमँडर काही न्यूट नसतो."

"मग महाराज, हे दोन्ही सॅलमँडर."

शास्त्रीबुवा टाळ्या पिटत नाचू लागले. "फसल्या! मुद्दामच विचारलं होतं! दोन्ही न्यूट आहेत, न्यूट!"

"म्हणजे दोन्ही सॅलमँडर," बाई म्हणाल्या. "आत्ताच तुम्ही शिकवलंत."

शास्त्रीबुवांचा उचललेला पाय तसाच हवेत राहिला. महाराज पोट धरून हसले आणि म्हणाले, "सगुणाबाई, शाळा चालू ठेवा. आणि मागच्या बाकावर शास्त्रीबुवांना जागा करा."