उष्टं ब्रह्मांड

कृतयुगानं अजून तोंड बी धुतलं नव्हतं आणि सूर्याला उगवायची दिशा कुणी नेमून दिली नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. कमळात बसणारे, चार तोंडांचे, देवादिकांचे आजोबा जे ब्रह्मदेव, त्यांनी काळाचे तांदूळ तीन दिवस भिजवले. त्यांचे तीन दिवस बरं का, तेवढ्यात आपले लाखो जन्म होऊन जातात. मग ते तांदूळ वाळवले, कांडले, त्यात मायेचा गूळ घातला आणि अनारशाच्या पिठाचा गोळा मळून मुरत ठेवला. मुरल्यावर अवकाशाच्या केळीच्या पानावर खसखस पसरली, तिच्यावर गोळा ठेवला आणि बोटांनी थापला. तो गोळा म्हणजे हे ब्रह्मांड, आणि खसखस म्हणजे तारे.

थापताना आजोबांच्या तोंडून निघून गेलं, "पसर." देवाचा शब्द तो. त्यांनी हात काढला तरी गोळा पसरतच राहिला.

अनारसा थापताना नीट बघावं. खसखशीचा दाणा स्वतः कुठं चालत जात नाही, तरी शेजारच्या दाण्यापासून लांब जातो, कारण खालचं पीठच ताणतं. ताऱ्यांचं तसंच झालं. कुणी कुणाशी भांडलं नाही, आणि सगळे एकमेकांपासून लांब गेले.

त्यातल्या एका दाण्यावर वितान ऋषींचा आश्रम होता. पोथीत लिहितात, तिथं हरणं निर्भय चरत, होमाचा धूर आभाळाला टेके, वाघ आणि गाय एका घाटावर पाणी पीत. सगळं खरं आहे. पण वाघ, गाय, हरणं आणि साठ हजार शिष्य पहाटे त्याच घाटावर बसत, हे पोथीत कुणी लिहीत नाही. पाय ठेवायला जागा नव्हती. नाकाला पदर लावल्याशिवाय ऋषिपत्नी धारिणी पाण्याला जात नसे.

आणि खुद्द ऋषी. तपोनिधी, वेदमूर्ती, त्रिकालज्ञ. दाढी बेंबीपर्यंत. त्या दाढीत मागल्या यज्ञाची खीर वाळलेली, तिच्याखाली त्याच्या मागल्या यज्ञाचं तूप, आणि त्याच्याखाली काय होतं ते उवांनाच ठाऊक. धारिणी म्हणायची, "अहो, निदान जेवल्यावर पुसत तरी जा." ते म्हणायचे, "भद्रे, देह नश्वर आहे." देह नश्वर असेल, खीर मात्र शंभर वर्षं टिकली.

धारिणीला एकच लेक, अर्चिका. ती लांबच्या एका ताऱ्याला दिली. लग्न ठरलं तेव्हा तो तारा इतका जवळ होता की सकाळी अंगणातून हाक मारली की संध्याकाळच्या आत "ओ" यायची. पुढं पीठ ताणलं. हाकेला एक ऋतू लागायला लागला, मग एक वर्ष, मग बारा वर्षं. लेकीच्या घरचा उजेड आधी पांढरा स्वच्छ दिसे. तो पिवळा झाला, मग विझत्या निखाऱ्यासारखा तांबडा. भांडं घासता घासता धारिणीचा हात थांबायचा. सासर लांब असतं हे तिला ठाऊक होतं. सासर रोज लांब जातं, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

ती ब्रह्मलोकाला गेली आणि आजोबांच्या पाया पडली.

"आजोबा, हे पसरणं कधी थांबणार?"

"बाळ, मी फक्त थापतो," ब्रह्मदेव म्हणाले. "कल्प सरला की नारायण हे पान पुढ्यात ओढतो, सगळं पीठ गोळा करतो आणि कच्चंच तोंडात टाकतो. त्याचा नैवेद्य आहे तो."

"म्हणजे सगळे तारे पुन्हा एका जागी?"

"एका घासात."

धारिणी हसत घरी आली. गिळलं जायचं म्हणून हसणारी बाई त्याआधी कुणी पाहिली नव्हती. पण एका घासात का होईना, लेक मांडीला मांडी लावून बसणार होती. ती कल्पाचे दिवस मोजायला लागली.

आता दुसरे महाशय ऐका. संपुट ऋषी. ज्ञानसागर, वाचस्पती. एका नाकपुडीनं प्राणायाम करायचे आणि दुसरी शिंकरून दर्भाला पुसायचे. त्याच दर्भाची आसनं पाहुण्यांना. त्यांनी देवसभेत उभं राहून गर्जना केली, "जे पसरलं ते मिटणारच. कमळ मिटतं, पापणी मिटते, ब्रह्मांडही मिटेल."

वितान ऋषी उठले. "मुनिवर, आपलं तोंड तेवढं मिटलेलं बरं. गेलेला वास कुपीत परत येत नाही. ब्रह्मांड पसरत जाईल, अनंत काळ पसरत जाईल, आणि आपण खोटे पडाल."

"खोटा ठरलो तर दाढी उतरवीन."

"आपली नको, विटंबना होईल. माझी घ्या पणाला."

वाद हजार वर्षं चालला. दोघांना दात कमी आणि आवेश जास्त. प्रत्येक सिद्धान्ताबरोबर थुंकीचे तुषार उडायचे. पुढच्या रांगेतले आठ दिक्पाल आधी मागल्या रांगेत गेले, मग घरी. इंद्रानं हजार डोळे पुसले. धारिणी तोंडावर पदर धरून बसली.

शेवटी संपुट म्हणाले, "प्रत्यक्ष प्रमाण बघू." आणि दोघं तपाच्या बळावर ब्रह्मदेवाच्या स्वयंपाकघरात शिरले. आजोबा संध्येला बसले होते. पान उघडं होतं.

कुठल्याही घरातल्या बाईला विचारा, नैवेद्य दाखवायच्या आधी पदार्थाची चव बघत नाहीत. मीठ कमी पडो, गूळ जास्त होवो, देवानं खाल्ल्यावर कळेल. हे कळायला वेद लागत नाहीत. वेद शिकलेल्यांना मात्र तेवढंच शिकायचं राहिलं होतं.

वितान ऋषींनी पिठात बोट खुपसलं. "ताणतंय बघा. चिकट आहे. पसरणार."

"चिकट आहे म्हणूनच गोळा होणार. पीठ आंबलं असेल तर बसतंच," संपुट म्हणाले. त्यांनी बी बोट खुपसलं, आणि चाटलं. "आंबट आहे." मग तेच बोट, तेच लाळेनं लडबडलेलं बोट, पुन्हा पिठात घातलं. "थांबा, खात्री करतो."

"माझ्या बाजूनं गोड लागतंय," वितान म्हणाले. ते बोटावर थांबले नाहीत, वासरानं परात चाटावी तसे वाकून चाटायला लागले. दाढी पिठात.

मागोमाग आलेली धारिणी दारात पोचली. "अहो, नैवेद्याचं आहे ते."

दोघांनी वर पाहिलं. लाळेची एक लांब तार दाढीपासून पानापर्यंत लोंबत होती. वितान ऋषी म्हणाले, "भद्रे, ही शास्त्रचर्चा आहे." आणि ढेकर दिली.

तेवढ्यात कल्प सरला. क्षीरसागरात शेषावर पहुडलेले, शंखचक्रगदाधारी, भुवनसुंदर नारायण उठून बसले. पोटात कल्पाची भूक. त्यांनी पान ओढलं, घास घ्यायला हात लावला आणि थांबले. पिठात दोन बोटांची भोकं, एक जिभेचा फराटा आणि मधोमध एक लांब पांढरा केस. केसाला काहीतरी चिकटलेलं होतं, आणि ते चालत होतं.

नारायणांनी तोंड फिरवलं. "हे उष्टं आहे."

पुढल्या एका युगात याच देवानं एका भोळ्या म्हातारीची उष्टी बोरं मिटक्या मारत खाल्ली. मायेचं उष्टं देवाला गोड लागतं. हे विद्वत्तेचं उष्टं होतं, त्याला कुत्र्यानं बी तोंड लावलं नसतं.

"प्रभो, गंगाजलानं धुऊन घेऊ," संपुट म्हणाले.

"पीठ धुतात का?" नारायण म्हणाले.

"गोमूत्र शिंपडू," वितान म्हणाले.

नारायणांनी नाक धरलं. त्यांनी पान हातभर लांब सरकवलं. ते फेकून देईनात, कारण त्यात जीव होते. आणि खाईनात, कारण त्यात केस होता. पीठ पसरतच राहिलं.

मग धारिणी बोलली. हजार वर्षं तोंडावर धरलेला पदर तिनं काढला.

"माझी लेक देवाच्या एका घासावर होती. तुम्ही दोघांनी ती चाटून घालवलीत. आता ऐका. मिटणार की पसरणार, हे तुम्हाला कधी कळायचं नाही. तुमच्या मागून येणारे शहाणे आभाळात बोटं खुपसत राहतील. आज म्हणतील पसरतंय, उद्या म्हणतील मिटेल, परवा पुन्हा पसरतंय. आणि तुमची ही लाळ आभाळात सगळ्यांना दिसंल अशी वाळून राहील."

तेव्हापासून आभाळात तो पांढरा पट्टा आहे. भाबडे लोक त्याला दुधाची धार म्हणतात, आकाशगंगा म्हणतात आणि हात जोडतात. जोडू देत बिचारे.

नारायण म्हणाले, "माउली, तुझा काही दोष नाही. वर माग."

"खा म्हणावं तर तुम्ही खाणार नाही."

"शिसारी बसली आहे, बाई."

"मग तुमची भूक वाढू दे. शिसारीपेक्षा मोठी होईतो वाढू दे. एवढं द्या."

नारायणांनी तथास्तु म्हटलं. त्याशिवाय कुणाच्या हातात काही नव्हतं.

तेव्हापासून धारिणी क्षीरसागराच्या काठावर चूल मांडून बसली आहे. कढईत तूप घालते, जिऱ्या-हिंगाची फोडणी देते आणि पदरानं वास देवाकडं ढकलते. नारायणांच्या तोंडाला पाणी सुटतं. ते पानाकडं हात नेतात, केस दिसतो, आणि हात मागं घेतात. दर खेपेला हात तीळभर पुढं जातो म्हणतात. पान बी तीळभर लांब जातं म्हणतात.

ही कथा ऐकणाऱ्याला पुण्य मिळेल की नाही ते देव जाणे. त्यानं दुसऱ्याच्या पानात बोट घालू नये, एवढं झालं तरी पुष्कळ.

वितान आणि संपुट अजून भांडतात, कुणी ऐकत नाही. धारिणीचे कान दुसरीकडं असतात. लेकीनं मागं एकदा "आई" अशी हाक मारली होती. तिचा "आ" त्रेतायुगात पोचला. "ई" अजून वाटेत आहे. धारिणी चुलीत एक लाकूड सारते आणि जिरं हातात घेते.