झुपकीचं डोकं ठण ठण

जांभळीच्या ढोलीत एक खार राहायची. एवढीश्शी! शेपूट मात्र हे एवढं, म्हणून नाव झुपकी. झाडाखालच्या खळग्यात तिचं पाणी असायचं. एके दिवशी बघते तर काय, खळगा कोरडा! पाणी गेलं कुठे?

दुपारी डोकं दुखायला लागलं. ठण ठण! ठण ठण! झुपकी घाबरली. "आई गं! माझं डोकं फुटणार!"

तुरुतुरु गेली कासव वैद्यांकडे.

"वैद्यबुवा वैद्यबुवा, डोकं करतंय ठण ठण, मला वाटते भीती!"

वैद्यबुवांनी कपाळाला हात लावला. ताप नाही.

"पडलीस का?"

"नाही."

"जीभ दाखव बघू. अगं, ही तर कोरडी ठाक! तहानेनं दुखतंय डोकं. पाणी पी. माझं डबकंही आटलंय. झऱ्याकडे जा."

तुरुतुरु गेली झऱ्याकडे.

"झऱ्या झऱ्या, पाणी दे ना. डोकं करतंय ठण ठण, मला वाटते भीती!"

झरा आतून म्हणाला, "माझ्या तोंडावर दगड पडलाय. दगड हलेल, तर मी वाहीन."

"दगडा दगडा, हल ना. झरा वाहीना, डोकं करतंय ठण ठण, मला वाटते भीती!"

"मला कुठे पाय? म्हैस ढकलेल, तर मी हलेन."

तुरुतुरु गेली म्हशीकडे.

"म्हशीबाई म्हशीबाई, ढकल ना. दगड हलेना, झरा वाहीना, डोकं करतंय ठण ठण, मला वाटते भीती!"

"कानात गोचीड चावतेय गं. बगळा काढेल, तर मी ढकलेन."

तुरुतुरु गेली बगळ्याकडे.

"बगळेदादा बगळेदादा, गोचीड काढ ना. म्हैस ढकलेना, दगड हलेना, झरा वाहीना, डोकं करतंय ठण ठण, मला वाटते भीती!"

"पायात वेल अडकलीय. तू कुरतडशील, तर मी काढीन."

बाप रे! चोच केवढी लांब! टोचली तर? छातीत धडधड, डोक्यात ठण ठण. झुपकी जरा मागे सरली. पण पाणी तर हवंच. डोळे घट्ट मिटले आणि सरकली पुढे. कुर्र कुर्र! कुर्र कुर्र! तटकन वेल तुटली.

बगळ्यानं गोचीड काढली, टुच! म्हशीनं दगड ढकलला, हुंफ! दगड हलला, गडगड! झरा वाहिला, झुळझुळ! झुपकी पाणी प्यायली, गट गट गट!

मग सावलीत गुपचूप बसली. भीती अजून वाटतच होती. ठण ठण... ठण... आणि मग?

काही नाही! खरंच काही नाही! झुपकीला रडूच आलं, आणि हसूसुद्धा.

झुपकीला मिळालं पाणी, तुम्हाला मिळाली गोष्ट. आता तुम्हीही प्या बघू एक घोट.