मधमाश्यांनी दारातूनच यावे!

धैर्यशील राजाच्या नाकाला मधमाशी चावली! भर दुपारी, झोपाळ्यावर बसून विडा चघळत असताना! नाक भरताच्या वांग्यासारखं सुजलं आणि दिवेलागणीच्या आत सोनकुंड नगरीत दवंडी पिटली गेली.

दवंडीतले नियम दिवाण अंताजीपंतांनी मोठ्या हौसेने केले होते. "ऐका हो ऐका! वस्तीत पाळलेल्या मधमाश्यांनी मालकाच्या दारातूनच ये-जा करावी! कुंपणावरून उडू नये! वामकुक्षीच्या वेळी गुणगुणू नये! आणि परक्याच्या फुलावर परवानगीवाचून बसू नये!"

वस्तीत मधमाश्या पाळणारं घर एकच. भिवरा कुंभारणीचं. बाप वारल्यावर त्याने मागे ठेवलेल्या मडक्यांत तिने मधमाश्या वसवल्या होत्या आणि त्या मधावर ती नि तिची आई जगत होत्या. आजवर शेजारीपाजारी तो मध बोटं चाटून खात. दवंडी ऐकताच साऱ्यांना तक्रारी आठवल्या.

"माझ्या भोपळ्याच्या फुलांवर हिच्याच माश्या बसतात हो!" शेजारची सखूकाकू ओरडली. वेल भोपळ्यांनी लगडला होता, त्याबद्दल मात्र ती चकार शब्द बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिपायांनी भिवराला दरबारात उभं केलं.

"पोरी, उद्या सकाळपर्यंत तुझ्या माश्यांना नियम शिकव!" नाकाला लेप लावलेला राजा गरजला. "नाहीतर मडक्यांसकट जाळून टाकीन!"

घरी येताच आईने डोळ्यांना पदर लावला. "अगं, मडकी उचल आणि रानात ठेवून ये!"

"पोळी भरलीत, आई. हलवली तर तुटतील."

भिवरा परसात बसून राहिली. मधमाश्या नेहमीसारख्या निघाल्या होत्या, सरळ राजवाड्याच्या भिंतीपलीकडे. तिकडून मोगऱ्याचा घमघमाट येत होता. ती बघतच राहिली आणि एकाएकी हसली!

सकाळी दरबार गच्च भरला.

"काय गं, शिकवलेस का नियम?"

"शिकवले, महाराज! माश्या कबूल आहेत. पण त्यांची एक तक्रार आहे."

"माश्यांची तक्रार?" दिवाण किंचाळले.

"होय पंत. त्या म्हणतात, आम्ही आपणहून कुणाच्या घरी जात नाही. आमंत्रण येतं म्हणून जातो!"

"आमंत्रण? कोण देतं?" राजाने विचारलं.

"आपला मोगरा, महाराज! त्याचा वास भिंतीवरून उडी मारतो, न विचारता माझ्या परसात शिरतो आणि माश्यांना बोलावून नेतो. वामकुक्षीची वेळसुद्धा पाळत नाही! आधी त्याला दारातून ये-जा करायला लावा. माश्या त्याच्या मागोमाग येतील!"

दरबारात कुजबुज झाली. दिवाण घाईघाईने पुढे आले. "सोपं आहे, महाराज! एकेका फुलाला फडकं बांधू!"

राजाने एकवार दिवाणांकडे पाहिलं. मग भिवराकडे. "पोरी, वाऱ्यावर जाणारा वास कधी कुणाचा हुकूम ऐकतो का?"

"महाराज, आपल्या बागेतला मोगरा राजाचं ऐकत नाही. मग माझ्या माश्या कुंभारणीचं कशा ऐकतील?"

राजा खो खो हसत सुटला! नाक ठणकलं, डोळ्यांत पाणी आलं, तरी हसू थांबेना.

"नियम रद्द! भिवरे, राजबागेचा एक कोपरा तुझ्या नव्या मडक्यांना दिला, आणि मध काढण्याचा मान तुझ्या घराण्याला!" मग तो दिवाणांकडे वळला. "पंत, तुम्हाला नियम फार आवडतात ना? रोज मडक्यांपाशी उभे राहा आणि माश्यांना मोठ्याने वाचून दाखवा!"