धुतलेली पिशवी

“पण भन्ते, तो तयार झालाय हे ओळखायचं कसं?”

मी विचारलं तेव्हा गुंडू माझ्या गळ्यातल्या कापडी पिशवीत पाय वर करून झोपला होता. गुंडू म्हणजे वॉलबीचं पिल्लू. कांगारूचा धाकटा भाऊबंद, कातळात राहणारा. त्याची आई कोल्ह्यानं नेली, तेव्हापासून मीच त्याला वाढवतेय. ऑस्ट्रेलियातल्या या डोंगरावर त्याच्या जातीचे मोजकेच उरलेत. हा त्यांच्यात गेला नाही, तर जन्म जाळीच्या पिंजऱ्यात.

भन्ते मूळचे भंडाऱ्याचे. इथल्या विहारात एकटेच राहतात. धुकं पायरीपर्यंत आलं होतं आणि कातळ त्यात तरंगत होते.

“आई कसं ओळखते?” भन्तेंनी विचारलं.

झालं! प्राणिशास्त्राच्या बाईला असं कुणी विचारू नये. मी सुरू झाले. पिशवीत एक पिल्लू असेतो दुसरा गर्भ पोटात वाढायचा थांबून राहतो. याची बाहेर पडायची वेळ झाली, की आई त्या थांबलेल्यासाठी पिशवी चाटूनपुसून स्वच्छ करते. मग मोठ्या पिल्लानं कितीही डोकं खुपसलं तरी त्याला आत घेत नाही...

“छान शिकवता, ताई.”

मी फुलले.

तेवढ्यात गुंडू जागा झाला. उतरला. टुणटुण कातळाकडे निघाला. धुक्यात कुणाची तरी शेपटी हलली. तो थबकला...

“गुंडू! ये रे बाळा, ये!” मी पिशवीचं तोंड उघडून धरलं.

तो आला आणि आत शिरला.

“बघितलंत? अजून तयारी नाही.”

“काहून ताई, कोणाची?”

मी पिशवी थोपटली.

थोड्या वेळानं गुंडू पुन्हा उतरला. भन्तेंनी हात पुढे केला.

“पिशवी द्या.”

मला वाटलं, त्यांनाही गळ्यात घालून बघायचीय. त्यांनी ती उलटी केली, बादलीत बुडवली, साबण लावून खसाखसा धुतली आणि दोरीवर टाकली.

“अहो भन्ते! तो परत आला तर?”

आलाच. ओल्या पिशवीखाली उभा राहून वर बघायला लागला. नाकावर थेंब पडला. मग त्यानं माझ्याकडे बघितलं.

माझे हात पुढे झाले... मी ते शालीत कोंबले.

धुकं सरकलं. कातळ तिथंच होते. गुंडू नव्हता.

मी दोरीवरची पिशवी चाचपली. “आता या पिशवीचं मी काय करू?”

भन्ते ठिबकणाऱ्या पाण्याकडे बघत होते...

“कुणीतरी थांबलेलं असेल, ताई. वाळू द्या.”